क्लेम न करणारा माणूस

बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) हा खुनाचा सिनेमा आहे असं सगळीकडे लिहिलेलं सापडेल, आणि ते खोटं नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही तेवढंच दिसलं होतं. खिडकीच्या पट्ट्यांतून येणारा चिरलेला उजेड, बार्बरा स्टॅनविकच्या पायातली साखळी, फ्रेड मॅकमरेचा दमलेला आवाज. दुसऱ्यांदा पाहिला तो गेल्या ऑक्टोबरमध्ये. आमच्या गाडीच्या विम्याचं नूतनीकरण करायला कंपनीने नकार दिला होता आणि मी चिडून विम्यावरचे सिनेमे शोधत बसले होते. (चिडल्यावर काही लोक पळायला जातात, मी याद्या करते.)

तेव्हा लक्षात आलं की या सगळ्या रामायणाची सुरुवात कशाने होते. वॉल्टर नेफ हा विमा एजंट लॉस एंजेलिसमधल्या एका गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहतो, तो त्यांच्या दोन गाड्यांच्या पॉलिसींची मुदत संपली म्हणून. त्याला फक्त सही हवी आहे. विमा नसताना एखादा मडगार्ड चेपला तर काय घ्या, ही त्याची काळजी. साहेब घरी नाहीत. बाईसाहेब जिन्याच्या वरच्या टोकाला टॉवेल गुंडाळून उभ्या आहेत. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. दोघांचं शिजतं, नवऱ्याला पत्ता लागू न देता त्याच्या नावावर अपघात पॉलिसी काढली जाते, त्याला मारलं जातं (तेही गाडीतच), मग नेफ कुबड्या घेऊन त्याच्या सोंगात आगगाडीत चढतो आणि प्रेत रुळांवर ठेवलं जातं. आगगाडीतून पडून मरणं दुर्मीळ, म्हणून त्याला भरपाई दुप्पट. पन्नास हजारांचे एक लाख डॉलर.

म्हणजे सिनेमातला इतका गाजलेला खून निघाला तो कारच्या रिन्यूअलमधून! कंपनीचा माणूस ऊन खात घरी येतो आणि विनवतो की बाबांनो, पॉलिसी बंद पडू देऊ नका. ऐंशी वर्षांनी ठाण्यात माझ्या बाबांच्या फोनवर ईमेल येतो की आपल्या वाहनाच्या 'ओन डॅमेज' विम्याचं नूतनीकरण देऊ करणं आम्हाला शक्य नाही. सही करायला कुणी नाही, टॉवेल नाही, भांडायला माणूस नाही. ईमेलच्या तळाशी लिहिलेलं, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.

आमची केस थोडक्यात सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. बाबा शाळेत गणित शिकवायचे. पंचवीसेक वर्षं गाडी चालवली, क्लेम शून्य. आपल्याकडे क्लेम न केल्याबद्दल जो 'नो क्लेम बोनस' मिळतो तो पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर थांबतो. बाबांचा ५० वर जाऊन कित्येक वर्षं झाली होती. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी गाडी विकली तरी तो तुमच्याबरोबर नव्या गाडीवर येतो. बाबा तो कागद माझ्या दहावीच्या मार्कलिस्टसारखा प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवायचे.

मग चौदा महिन्यांत तीन क्लेम झाले. जुलैत सोसायटीच्या तळघरात पाणी शिरलं, सीटपर्यंत. अडतीस हजार. जानेवारीत मी घोडबंदर रोडवर एका टेम्पोच्या मागे नको तितकी जवळ गेले. एकवीस हजार, आणि हा क्लेम शंभर टक्के माझा. पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा तळघर. या खेपेला वॉचमनने चांगुलपणाने, गाडी वाचवायची म्हणून, पाण्यातच ती सुरू केली. इंजिनात पाणी ओढलं गेलं, आतले दांडे वाकले. एक लाख चाळीस हजार. पहिल्या वेळेनंतर बाबांनी इंजिनासाठीचं जादा कव्हर जास्तीचे पैसे भरून घेतलं होतं म्हणून तेही मिळाले. एरवी कंपन्या याला 'परिणामी नुकसान' म्हणतात आणि हात वर करतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर किती मुंबईकरांना हा शब्द गॅरेजमध्ये उभं राहून शिकावा लागला ते विचारा.

सप्टेंबरअखेर तो ईमेल आला.

आता सिनेमाकडे. 'डबल इन्डेम्निटी'चा खरा नायक नेफ नाही, बार्टन कीज आहे. एडवर्ड जी. रॉबिन्सनने केलेला क्लेम्स मॅनेजर. बुटका, अंगात वेस्टकोट, खिशात सिगार आणि काडी कधीच नाही. त्याच्या पोटात एक 'छोटा माणूस' राहतो. क्लेम खोटा असला की तो छोटा माणूस गाठी मारायला लागतो आणि कीजला जेवण जात नाही. नेफच्या पाठोपाठ आपण पहिल्यांदा त्याच्या ऑफिसात शिरतो तेव्हा समोर गार्लोपिस नावाचा एक ट्रकवाला बसलेला आहे. स्वतःच्या ट्रकला त्याने स्वतःच आग लावली आहे आणि भरपाई मागतो आहे. कीज दोन मिनिटांत त्याला उघडा पाडतो, क्लेम सोडल्याच्या कागदावर सही घेतो आणि घालवून देतो. गोंधळलेल्या ट्रकवाल्याला दार उघडता येत नाही, तर ते कसं उघडायचं तेही कीजच सांगतो. मग तो नेफवर घसरतो: याच्या अर्जाला मी चौकशी करा म्हणून चिठ्ठी लावली होती, तुम्ही विक्रीवाले वाटेल त्याला पॉलिसी विकता.

हा प्रवेश बहुतेक समीक्षक विनोदी म्हणून सोडून देतात. मला तो दुसऱ्या वेळी पाहताना टोचला. एकतर वाइल्डर आणि सहलेखक रेमंड चँडलर यांनी गरीब, परदेशी वळणाचं नाव असलेला, बोलताना अडखळणारा माणूस लबाड म्हणून उभा केला आहे आणि त्यावर आपल्याला हसायला लावलं आहे. संपूर्ण सिनेमात विमा कंपनीकडे आलेलं एकही प्रामाणिक गिऱ्हाईक दिसत नाही. क्लेम म्हणजे खोटा, आता किती खोटा ते शोधायचं, एवढाच प्रश्न. विमा कंपनीला यापेक्षा चांगली जाहिरात कुणी करून दिली नसती. आणि कीजचं पात्र इतकं गोड आहे की आपण ती जाहिरात आनंदाने गिळतो.

पण दुसरंही दिसलं, आणि ते आधीच्या तक्रारीला थोडं कापतं. गार्लोपिसला नकार मिळतो तो समोरासमोर. कीजने त्याच्यासाठी वेळ काढला आहे, ट्रकखाली लाकडाचा भुसा सापडला ही गोष्ट शोधून काढली आहे, आरोप तोंडावर केला आहे. ट्रकवाल्याला नाही म्हणायची संधी आहे. माझ्या बाबांना ती मिळाली नाही, कारण त्यांच्यावर आरोपच नव्हता. तिन्ही क्लेम खरे होते, तिन्ही कंपनीने मान्य केले होते, तिन्हींचे पैसे दिले होते. नंतर त्या मान्य केलेल्या खरेपणाची बेरीज करून आम्हाला नको म्हटलं. खोटं बोलणाऱ्याला निदान पकडावं लागतं.

या सिनेमात विम्याच्या कोष्टकांबद्दल एक प्रसंग आहे. प्रेत सापडल्यावर कंपनीचा मालक नॉर्टन टेचात येतो आणि विधवेला सांगतो की ही आत्महत्या आहे, पैसे मिळणार नाहीत. ती तणतणत निघून जाते. मग कीज त्याच्या साहेबाची पिसं काढतो. आत्महत्यांची आकडेवारी त्याला तोंडपाठ आहे: वंशानुसार, लिंगानुसार, व्यवसायानुसार, ऋतूनुसार, विषाच्या प्रकारानुसार, कुठून उडी मारली त्यानुसार. आणि या सगळ्या ढिगाऱ्यात सावकाश जाणाऱ्या आगगाडीच्या शेवटच्या डब्यावरून उडी मारून कुणी जीव दिल्याची नोंद नाही. तेव्हा साहेब, पैसे मोजा.

लक्षात घ्या, इथे कोष्टक गिऱ्हाइकाच्या बाजूने उभं आहे. मालकाला नाकारायचं आहे, आकडे त्याला नाकारू देत नाहीत. गिऱ्हाईक खुनी आहे ही गोष्ट निराळी! कीजच्या पोटातला छोटा माणूस नंतर जागा होतो आणि तो बरोबर ठरतो, पण कंपनीच्या आत आकडा हा मालकाच्या लहरीवरचा लगाम होता हे १९४४ च्या त्या प्रसंगात स्वच्छ दिसतं. आज 'डेटा' म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो तो उगाच येत नाही, पण आकडा जन्मतः शत्रू नव्हता. गणित शिकवणाऱ्या माणसाच्या घरात वाढल्यामुळे मला हे म्हणायला लागतं.

बाबांनी तर सुरुवातीला कंपनीचीच बाजू घेतली. "चौदा महिन्यांत तीन. त्यांनी काय करावं?" ते वर्गात विमा शिकवायचे तेव्हा फळ्यावर शंभर घरं काढायचे. एकाला आग लागते, शंभरांनी थोडं थोडं द्यायचं, कुणाला लागणार ते ठाऊक नाही म्हणूनच सगळे द्यायला तयार. ठाऊक झालं की खेळ मोडला. ईमेल आल्यावर दोन दिवसांनी त्यांनी पाठकोऱ्या कागदावर आमचे तीन क्लेम मांडले आणि म्हणाले, तीनपैकी दोन तळघराचे आहेत, ड्रायव्हरचे नाहीत. गाडी दुसरीकडे लावली तर आपली जोखीम एक तृतीयांश होते. हे त्यांना कळवायला हवं. कुणाला कळवायचं, ते मी विचारलं नाही. ते चार दिवस ग्राहक सेवा क्रमांकावर संगीत ऐकत होते.

(मराठीत हप्ता हा शब्द विम्याला आणि गुंडाला दोन्हीकडे चालतो. फरक एवढाच की गुंड हप्ता घ्यायला नकार देत नाही.)

आपल्याकडे विम्यावर सिनेमा म्हटलं की 'ओह माय गॉड' (२०१२). परेश रावलचा कांजीभाई, भूकंपात त्याचं मूर्तींचं दुकान पडतं, कंपनी म्हणते ही देवाची करणी, त्यामुळे भरपाई नाही, मग तो देवावरच खटला भरतो. 'कांजी विरुद्ध कांजी' या गुजराती नाटकावरून आलेली कल्पना. कल्पना झकास आहे, आणि पहिल्या अर्ध्या तासात ती जिथे घेऊन जाऊ शकली असती तिथे सिनेमा जात नाही. बाबाबुवांशी लढाई सुरू झाली की विमा कंपनी कोपऱ्यात जाऊन बसते आणि आपण तिला विसरतो. देवाच्या एजंटांचा समाचार घेताना कंपनीच्या एजंटाला सोडून दिलं.

शिवाय या सिनेमामुळे एक समजूत घट्ट झाली की विमा कंपन्या 'देवाची करणी' म्हणून हात झटकतात. गाडीची पॉलिसी उघडून वाचा. मी वाचली, सूड म्हणून. आपल्याकडच्या गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत कोणकोणत्या संकटांपासून संरक्षण आहे त्याची एक यादी असते, आणि ती मोठ्याने वाचण्यासारखी आहे. आग, स्फोट, आपोआप पेट घेणं, वीज. घरफोडी, चोरी. दंगल, संप. भूकंप. पूर, टायफून, हरिकेन, वादळ, चक्रीवादळ, गारपीट, हिमदव. बाह्य कारणाने झालेला अपघात. खोडसाळपणा. दहशतवाद. रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानातून नेताना झालेलं नुकसान. दरड.

ठाण्यातल्या तळघरात उभ्या असलेल्या हॅचबॅकला हिमदव बाधला तर पैसे मिळतील. लिफ्टमधून नेताना पडली तरी मिळतील. हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर सगळी पृथ्वी होती, तिचे सगळे समुद्र, सगळे ऋतू. त्या यादीत एक भव्यता आहे जी आजच्या कवितेत मला क्वचित भेटते. मग पान उलटलं की अपवादांची यादी येते आणि तिचा सूर एकदम बदलतो. झीज. यांत्रिक किंवा विद्युत बिघाड. परिणामी नुकसान. दारू पिऊन चालवणं. परवाना नसताना चालवणं. युद्ध आणि अणुस्फोट सोडले तर दुसऱ्या यादीत सगळी माणसाची कामं आहेत. म्हणजे कांजीभाईच्या उलट. देवाची करणी चालते, तुमची चालत नाही.

आणि जे चालतं त्यालाही घसारा आहे. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकच्या भागांची किंमत भरपाईच्या वेळी निम्मी धरतात, गाडी काल घेतली असली तरी. फायबरग्लासचे तीस टक्के कापतात. काचेला मात्र घसारा नाही. काच म्हातारी होत नाही असं पॉलिसी मानते. इतकी हळुवार नजर त्या कागदात अचानक कुठून येते कळत नाही.

या यादीच्या शेजारी तो ईमेल ठेवला की त्याची भाषा किती दरिद्री आहे ते दिसतं. इंग्रजीतलं ते एकच वाक्य मराठीत आणायचं तर असं होईल: आमच्या अंतर्गत निकषांनुसार आपल्या वाहनाच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव देता येत नाही. कर्ता शोधा. शाळेत आपल्याला शक्य कर्मणी शिकवलं होतं, त्याचं उदाहरण आजोबा आणि जिना हे असायचं. आजोबांना आता जिना चढवत नाही. तिथे आजोबा तरी आहेत, त्यांचे गुडघे आहेत. इथे कंपनीला आमची गाडी चढवत नाही, पण गुडघे कुणाचे ते लिहिलेलं नाही. 'अंतर्गत निकष' म्हणजे काय? किती क्लेम झाले की माणूस नकोसा होतो? तीन? की रक्कम? दोन तळघरांमुळे की एका टेम्पोमुळे? पत्रात यातलं काही नाही, आणि एजंट काकांनाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "वरून येतं ते." पूर्वी आम्ही ही क्रियापदं पावसासाठी वापरायचो.

'द इन्क्रेडिबल्स' (२००४) या ॲनिमेशनपटात याची सर्वांत नेमकी टिंगल आहे. निवृत्तीत ढकललेला सुपरहिरो बॉब पार एका विमा कंपनीच्या खुराड्यात बसतो. एका म्हातारीचा क्लेम नाकारावा लागतो. मग तो आवाज खाली आणून तिला सांगतो की कोणता फॉर्म भर, कोणत्या मजल्यावर जा, आणि वरून मोठ्याने म्हणतो की मला माफ करा, मी काही करू शकत नाही. त्याचा चिमुकला साहेब भडकतो ते गिऱ्हाइकांना कंपनीच्या आतल्या वाटा माहीत झाल्या म्हणून. मुलांच्या सिनेमात विनोद म्हणून घातलेली ही गोष्ट मला सगळ्यात खरी वाटली. अन्याय नकारात तितका नाही, वाट लपवण्यात आहे. तरी बॉबचा नकारही क्लेमचाच नकार आहे. या सगळ्या सिनेमांत कुणीतरी पैसे मागतो आणि ते मिळत नाहीत. पैसे नीट मिळाले, आणि मग त्या मिळण्याचीच शिक्षा झाली, ही गोष्ट सिनेमाला दिसतच नाही. तिच्यात आग नाही, प्रेत नाही, कोर्ट नाही. फक्त एक तारीख उलटून जाते.

कायद्याला मात्र ती अधूनमधून दिसली आहे. ज्या कॅलिफोर्नियात नेफ पॉलिसी घेऊन हिंडत होता तिथल्या मतदारांनी १९८८ मध्ये 'प्रपोझिशन १०३' मंजूर केलं. त्यानुसार गाडीच्या विम्याचं नूतनीकरण नाकारायला कंपनीकडे मोजकीच कारणं उरली: हप्ता थकला, फसवणूक झाली किंवा जोखमीत भरीव वाढ झाली. या तिसऱ्या कारणाच्या पोटात बरंच काही मावतं हे उघड आहे. पण निदान कारणांना नावं आहेत. आपल्याकडे आरोग्य विम्यात नियामकाने सरळ सांगितलं आहे की आधीच्या वर्षांत क्लेम केले एवढ्यावरून नूतनीकरण नाकारता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एका मेडिक्लेम प्रकरणात सरकारी विमा कंपनीला बजावलं की तुमच्याशी कोर्टात भांडला म्हणून गिऱ्हाइकाची पॉलिसी पुढे चालू न ठेवणं ही मनमानी आहे. २०२४ पासून किरकोळ ग्राहकाची पॉलिसी कंपनीला मध्येच रद्द करायची तर फसवणूक सिद्ध झालेली असावी लागते. मुदत संपताना पाठ फिरवण्याविरुद्ध असं एखादं वाक्य मी आमच्या गाडीच्या पॉलिसीत दोनदा शोधलं. सापडलं नाही.

थर्ड पार्टी विमा मिळतो. तो मिळावाच लागतो, कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. नसला तर पहिल्या वेळी दोन हजार दंड किंवा तीन महिने कैद किंवा दोन्ही. रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या हातापायाची काळजी कायद्याने घेतली आहे, आणि ते योग्यच आहे. तुमची गाडी हा तुमचा आणि बाजाराचा मामला.

विम्याच्या कायद्यात 'परम सद्भाव' नावाचं एक तत्त्व आहे. गिऱ्हाइकाने सगळं खरं सांगायचं, काही लपवायचं नाही. क्लेम नाकारताना कंपन्यांचे वकील ते हमखास काढतात. त्याची गंगोत्री म्हणून १७६६ चा एक इंग्लिश निकाल सांगतात. सुमात्रा बेटावरच्या एका इंग्रज किल्ल्याच्या गव्हर्नरने किल्ला शत्रूच्या हातात पडेल या भीतीने विमा काढला, फ्रेंचांनी तो खरंच घेतला, आणि विमा देणारा म्हणाला की किल्ला कमकुवत आहे हे तू मला सांगितलं नाहीस. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्डने सद्भावाचं तत्त्व मांडलं आणि निकाल दिला गव्हर्नरच्या बाजूने. जे तुला लंडनमध्ये बसून सहज कळण्यासारखं होतं ते न सांगितल्याचा बोभाटा करू नकोस, असा त्याचा रोख. सद्भाव दोन्हीकडून हवा, असंही तो म्हणतो. पुढच्या अडीचशे वर्षांत हे दुसरं अंग कुठे गळलं ते एखाद्या कायद्याच्या विद्यार्थ्याने शोधून लिहावं, मी वाचीन.

आपल्या एलआयसीने बोधवाक्यासाठी थेट गीतेचा नववा अध्याय गाठला. दिव्याभोवतीचे दोन हात आणि खाली योगक्षेमाची हमी. लहानपणी मला वाटायचं की कृष्ण सगळ्यांचाच भार उचलतो. मोठेपणी पूर्ण श्लोक वाचला तर त्यातही अट निघाली: अन्य कुणाचा विचार न करता जे माझीच उपासना करतात त्यांचा. पात्रतेच्या अटीपासून कुणाची सुटका नाही. फक्त तिथे जास्त वेळा हाक मारली म्हणून पुढच्या वर्षी नाव कापतील असं कुठे लिहिलेलं नाही.

नवरात्रात एजंट काका घरी आले. आईने चहा ठेवला. बाबांनी फोल्डर आणला, नो क्लेम बोनसचे जुने कागद एकामागून एक टीपॉयवर मांडले आणि मग जे विचारलं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"मी ते पैसे परत भरले तर?"

"कोणते पैसे, सर?"

"क्लेमचे. तिन्ही. म्हणजे मग क्लेम झालाच नाही असं धरता येईल ना?"

काका माझ्याकडे बघायला लागले. एक लाख नव्व्याण्णव हजार. बाबांनी बेरीज करून ठेवली होती. त्यांना गाडीचा विमा नको होता, त्यांना आपलं नाव पुसून हवं होतं. मी म्हणाले की बाबा, ते आपल्या हक्काचे पैसे आहेत, इतकी वर्षं हप्ते भरलेत. ते म्हणाले, "माहीत आहे गं. विचारायला काय जातं." काकांनी सांगितलं की तशी काही प्रोसिजर नाही. बिस्किटं तशीच राहिली.

दुसऱ्या एका कंपनीच्या ॲपवर बाबांनी स्वतः फॉर्म भरला. गेल्या तीन वर्षांत क्लेम केला आहे का? होय, नाही. माझा भाऊ फोनवरून सांगत होता की नाही टाका, कुणी बघत नाही. बघतात. आधीच्या कंपनीकडून खातरजमा करतात, आणि खोटं निघालं तर पुढचा क्लेम गेला. पण बाबांनी होय दाबलं ते त्यामुळे नाही. पुढचं पान आलं की आमचा प्रतिनिधी आपल्याशी लवकरच संपर्क साधेल. दिवाळी गेली. आता गाडीला फक्त थर्ड पार्टी आहे. ती तळघरात नसते, बाहेर गुलमोहराखाली असते आणि पक्ष्यांनी तिचं काय केलं आहे ते विचारू नका.

डिसेंबरात कुणाच्या तरी स्कूटरने डाव्या दाराला ओरखडा काढला. बाबांनी नखपॉलिशच्या बाटलीएवढी रंगाची बाटली आणली आणि रविवारची सकाळ बारीक ब्रशने त्यावर घालवली. जवळून बघितलं तर कळतं.

त्याच रात्री मी त्यांना 'डबल इन्डेम्निटी' दाखवला. त्यांना आवडला, विशेषतः कीज. आकडेवारीच्या प्रवेशाला त्यांनी मान डोलावली. मग तो प्रवेश आला ज्यात कीज रात्री नेफच्या घरी येतो, कारण त्याच्या पोटात गाठी पडल्या आहेत. नवऱ्याने अपघात पॉलिसी घेतली. त्यानंतर त्याचा पाय मोडला. पण त्याने क्लेम केला नाही. का केला नाही? पॉलिसी असूनही माणूस क्लेम करत नाही म्हणजे त्याला पॉलिसी असल्याचंच माहीत नसणार. कीज हे बोलतो आणि लगेच झटकून टाकतो, कारण ती पॉलिसी त्याच्या लाडक्या नेफने स्वतः नेऊन दिली होती. पण आपल्याला कळतं की धागा त्याच्या हातात आला. दाराबाहेर बाई उभी आहे, संगीत चढतं.

बाबांनी हात पुढे करून स्पेसबार दाबला. पडद्यावर रॉबिन्सन सिगार धरून थिजला.

"हे काही पटत नाही."

"का?"

"क्लेम केला नाही म्हणजे माहीतच नव्हतं, असं कसं होईल? पाय काय, महिन्याभरात जुळतो." ते चष्मा पुसत म्हणाले. "बोनस जाईल म्हणून केला नसेल."

मी त्यांना सांगणार होते की अपघात पॉलिसीला तसला बोनस नसतो, शिवाय १९४४, शिवाय अमेरिका. तेवढ्यात त्यांनीच पुन्हा चालू केलं.